गोळी कुठली होती, एवढंच विचार

प्रिय ताई,
मी मूळची सांगलीची, सध्या मिनेसोटात. पाचवा महिना चालू आहे, थोरला चार वर्षांचा. शेजारचे आजोबा दर नोव्हेंबरला रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जातात आणि आम्हाला न विसरता वाटा देतात. यंदा फ्रीजरमध्ये खिम्याची आठ पाकिटं आणि मागच्या मांडीचे दोन अख्खे तुकडे पडून आहेत. नवरा दही-आलं-लसूण लावून झकास खिमा करतो आणि आम्ही सगळे मिटक्या मारत खातो. गेल्या आठवड्यात लेकाच्या दाताखाली 'कच्' झालं. पेन्सिलीच्या टोकाएवढा करडा कण निघाला. गोळीतल्या शिशाबद्दल मी वाचत बसले, आणि झोप उडाली. नवरा म्हणतो, इथे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच खातायत, सीडीसीनेही (इथल्या रोगनियंत्रण संस्थेने) तपासून पाहिलंय, कुणाला काही झालेलं नाही. सासूबाई बाळंतपणासाठी आल्यात. त्या म्हणतात, माझ्या आजोबांनी छर्ऱ्याने पाडलेले ससे-तितर जन्मभर खाल्ले आणि नव्वदी गाठली. घरात मी एकटीच वेडी ठरतेय. पाकिटं टाकू का? पोटातल्या बाळाला काही झालं असेल का? आणि त्या आजोबांना काय सांगू? त्यांचा फार जीव आहे आमच्यावर.
— फ्रीजरपुढे उभी असलेली

प्रिय फ्रीजरपुढची,

आधी फ्रीजर. खिम्याची आठही पाकिटं काढ, दोन पिशव्यांमध्ये घट्ट बांध आणि कचऱ्यात टाक. अन्न टाकवत नाही म्हणून फूड शेल्फला, म्हणजे अन्नवाटप केंद्राला, देऊ नकोस, तिथेही कुणाची तरी गरोदर सून आणि कुणाचं तरी चार वर्षांचं पोर जेवतं. कुत्र्याला घालू नकोस, आणि मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी तर मुळीच टाकू नकोस. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरं काम दवाखान्यातलं. तुझ्या डॉक्टरला आणि मुलाच्या डॉक्टरला फोन करून सांग, 'रायफलने मारलेल्या हरणाचा खिमा खाल्लाय, मांसात धातूचा कण सापडला, रक्तातलं शिसं तपासायचं आहे.' एवढं वाक्य पुरतं. शिरेतून रक्त घेऊन करायची साधी चाचणी आहे. मुलाची बोटाला टोचून केली आणि आकडा जास्त आला, तर शिरेतून पुन्हा करायला सांग. बोटावरच्या धुळीनेही तो आकडा फुगतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा आकड्याचा अर्थ त्यांच्याकडूनच समजून घे. मी सांगणार आहे ते तुझ्या घरात चाललेल्या वादाबद्दल. कारण हा वाद तुझ्या स्वयंपाकघरात जन्मलेला नाही. अमेरिकेत तो किमान 2008 पासून पेटलेला आहे आणि तुझं राज्य त्याच्या अगदी मधोमध आहे.

झालं असं की शेजारच्या नॉर्थ डकोटात, बिस्मार्कमध्ये, एक त्वचारोगतज्ज्ञ होते. ते स्वतः शिकारी. शिकाऱ्यांनी गोरगरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची साधारण शंभर पाकिटं त्यांनी सीटी स्कॅनच्या यंत्रात घातली. जवळजवळ साठांमध्ये धातूचे कण चमकले. राज्याने ताबडतोब अन्नवाटप केंद्रांना ते मांस टाकून द्यायला सांगितलं. मग मिनेसोटानेही आपली पाकिटं क्ष-किरणांखाली धरली. 1,239 पाकिटांपैकी 22 टक्क्यांत शिसं निघालं. पण त्या तपासणीत तुझ्या कामाचा आकडा वेगळाच आहे: खिम्याच्या पाकिटांत 26 टक्के, अख्ख्या तुकड्यांत 2 टक्के. म्हणून मी तुला आठ पाकिटं टाक म्हटलं आणि मांडीच्या तुकड्यांबद्दल अजून काही बोलले नाही.

खिम्यातच का, ते कळायला गोळीकडे बघावं लागेल. हरणासाठी वापरतात ती रायफलची नेहमीची गोळी म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याचं पातळ कवच. नळीतून ती सेकंदाला आठ-नऊशे मीटर वेगाने सुटते. हाडामांसात शिरली की मऊ शिसं फुलतं, फाटतं, तुटतं. ते तसं व्हावं म्हणूनच ती तशी बनवलेली असते, जनावर जागीच पडावं आणि तडफडत राहू नये म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण तुटलेले कण जखमेजवळ थांबत नाहीत. मिनेसोटाच्याच वन्यजीव खात्याने मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून पाहिलं, तेव्हा काही कण जखमेपासून चौदा इंचांपर्यंत, म्हणजे हातभर लांब जाऊन बसलेले आढळले. वायोमिंगमधल्या तीस हरणांचा अभ्यास 2009 साली छापून आला. आतडी काढून साफ केलेल्या तीसही हरणांत कण दिसले, एकेका हरणात सरासरी 136. ती हरणं नेहमीच्या खाटकांकडे देऊन खिमा करून घेतला, तर 32 टक्के पाकिटांत धातू होता. म्हणजे खाटीक जखमेचा भाग कापून फेकतो, तरीही. आणि खिम्याला जातं तेच मांस, मान, खांदा, फासळ्यांकडचं, जिथे गोळी लागलेली असते. वरून ते यंत्रातून फिरतं, त्यात एका कणाचे दहा होतात आणि मऊसूत मिसळून जातात.

तुझ्या लेकाच्या दाताखाली आला तो कण मोठा होता म्हणून कळला. बाकीचे दाताला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत. (पेन्सिलीच्या टोकाची उपमा दिलीस, त्यावरून आठवलं. शिसपेन्सिलीत शिसं कधीच नसतं, ते ग्रॅफाइट. नावाने उगाच बदनाम. इकडे खिम्याच्या पाकिटावर मात्र शिशाचं नाव कुठेच नाही.)

'कण आहे तसा बाहेर पडत असेल,' असं नवरा म्हणेल. वायोमिंगच्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न डुकरांना विचारला होता. कण असलेलं मांस काही डुकरांना खाऊ घातलं, स्वच्छ मांस बाकीच्यांना. दोन दिवसांत पहिल्या गटाच्या रक्तातलं शिसं दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त झालं.

आता नवऱ्याचा सीडीसीचा मुद्दा. तो खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. नॉर्थ डकोटात 738 लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांचा आकडा न खाणाऱ्यांपेक्षा सरासरी 0.30 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरने जास्त आला, आणि महिन्याभरात खाल्लेल्यांचा आणखी जास्त. फरक छोटा होता, आणि कुणाचाच आकडा 10 च्या वर गेला नाही. बंदूक-गोळ्यांच्या उद्योगाने ही शेवटची ओळ उचलली आणि 'बघा, सुरक्षित आहे' म्हणून ढोल वाजवला. पण तपासलेले लोक बहुतेक सगळे प्रौढ होते, लहान मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि 10 ही तेव्हाची काळजीची रेघ. मुलांसाठीची ती रेघ सीडीसीने 2012 मध्ये 5 वर आणली आणि 2021 मध्ये 3.5 वर. त्याखाली सगळं आलबेल, असाही तिचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना सरळ म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. खुद्द नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने त्या तपासणीनंतर काय सांगितलं, ते नवऱ्याला वाचून दाखव: गरोदर बायकांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेलं हरीण खाऊ नये. तुमच्या घरात त्या दोन्ही वर्णनांत बसणारी माणसं एकाच टेबलावर जेवतात.

मुलं आणि गरोदर बाई यांचंच नाव का, तर शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं. प्रौढांच्या आतड्यातून ते साधारण दहा टक्के शोषलं जातं, लहान मुलांच्या निम्म्यापर्यंत. रक्तातून ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा त्याच्याबरोबर साठलेलं शिसंही सुटतं, आणि वार (प्लॅसेंटा) त्याला अडवत नाही. पोराला ताप येत नाही, उलटी होत नाही. पुढे शिकण्यात, लक्ष लागण्यात थोडं कमी पडतं आणि ते कशामुळे हे कुणाला कधीच कळत नाही.

हे वाचून रडत बसू नकोस. त्या 738 जणांच्या आकड्यांवरून अंदाज बांधला तर तुझा आकडा एकेरी, तोही खालच्या टोकाचा येईल अशी दाट शक्यता आहे. गरोदर बाईचा आकडा वाढलेला आला तर डॉक्टर बाकीचे स्रोत शोधतात आणि तपासणी पुन्हा करतात, आकाश कोसळत नाही. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होत जातं, अर्थात नवं पोटात जायचं थांबलं तर. कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं. म्हणजे सासूबाई येताना नाचणी घेऊन आल्या असतील तर त्यांना रोज सकाळी सत्त्व करायला लाव. त्यांनाही बरं वाटेल आणि तुलाही उपयोग होईल.

एक गोष्ट मात्र तुझ्या नवऱ्याच्या हाताची चव बघता मला सांगायलाच हवी. आपण मटणाला दही लावतो, लिंबू पिळतो, कोकणातले कोकम घालतात, कुणी व्हिनेगर. शिसं आंबटात विरघळतं. स्पेनमधल्या संशोधकांनी लावे पक्ष्याच्या मांसात शिशाचे छर्रे घालून ते व्हिनेगर घालून आणि न घालता शिजवलं. आंबट मांसात शिसं कितीतरी जास्त उतरलं. म्हणजे अमेरिकन शेजारी ज्या मांसाचा बर्गर भाजतो, तेच मांस आपण रात्रभर दह्यात मुरत ठेवतो तेव्हा आपलं ताट त्याच्या ताटापेक्षा वाईट असू शकतं. कुकरच्या शिट्ट्यांनी यात काही होत नाही. शिसं जंतू नाही, शिजवून मरत नाही.

सासूबाईंच्या आजोबांबद्दल आदर राखून. छर्ऱ्याचा ससा आणि रायफलचं हरीण यांत फरक आहे. छर्रे बरेचसे गोल राहतात, दाताखाली येतात, माणूस थुंकतो. तिथेही बारीक चुरा उरतोच, पण हातभर पसरलेली धूळ नसते. आणि आजोबा नव्वद वर्षं जगले हे मला मान्यच आहे. त्यांच्या रक्तातलं शिसं कुणी मोजलं होतं का, आणि त्यांच्या पाठच्या भावंडांचं? हे मात्र सासूबाईंना विचारू नकोस. उगाच भांडण होईल आणि बाळंतपणाचे चार महिने तुला त्यांच्याचबरोबर काढायचे आहेत. त्याऐवजी त्यांच्या बॅगेत आयुर्वेदिक गोळ्या आहेत का, ते प्रेमाने बघ. काही रसौषधींमध्ये, म्हणजे धातूंची भस्मं घालून केलेल्या औषधांमध्ये, नागभस्म असतं आणि नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. न्यूयॉर्कमध्ये 2011-12 साली सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, आणि ते भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक औषधांतून आलेलं होतं. पारंपरिक शेंदूर शिशाचाच असतो, तो मुलाच्या हाती लागू देऊ नकोस. सुटी हळद आणली असेल तर तीही बाजूला ठेव. रक्ताचा आकडा जास्त आलाच, तर डॉक्टर हरणापाशी थांबणार नाहीत, हेही विचारणार आहेत. आणि मला वाटतं, हरणावरून सगळं घर ढवळताना स्वतःची डबी उघडून न बघणं बरं दिसत नाही.

आता आजोबा. मला वाटतं तुझ्या पत्रातला अवघड प्रश्न हाच आहे, आणि तिकडे सगळं राजकारणही इथेच अडतं. गोळीबद्दल कुणी बोललं की शिकाऱ्याला वाटतं, हा माझ्या बंदुकीवर आला, माझ्या बापजाद्यांच्या नोव्हेंबरवर आला. त्याला तसं वाटायला कारणही आहे. शिकार मुळातूनच बंद करायला निघालेले लोक या वादात खरोखरच आहेत. शिवाय बंदुका आणि गोळ्यांवरच्या, 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या करातून तिथल्या जंगलांचा आणि प्राण्यांचा बराचसा खर्च चालतो, त्यामुळे जंगल जगवण्यात आपला वाटा आहे असं शिकारी मानतो, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून कायदेही लंबकासारखे हलले. जानेवारी 2017 मध्ये ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत केंद्रीय वन्यजीव खात्याच्या प्रमुखांनी संरक्षित जमिनींवर शिशाच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश काढला. मार्चमध्ये नवे गृहमंत्री रायन झिंकी घोड्यावर बसून कामावर हजर झाले आणि पहिल्याच दिवशी तो आदेश रद्द केला. (तिथला गृहमंत्री पोलीस नाही, जंगलं-जमिनी सांभाळतो.) कॅलिफोर्नियाने मात्र 2013 मध्ये कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून राज्यभर शिकारीसाठी शिसं बंद. तिकडे कारण होतं कॉन्डॉर. 1982 मध्ये ही प्रचंड गिधाडं जगात फक्त 22 उरली होती, आणि पिंजऱ्यात वाढवून सोडलेलीही शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन मरत होती. डेन्मार्कने छर्रे 1996 मध्येच बंद केले, 2024 पासून गोळ्याही. ब्रिटिश सरकारने 2025 मध्ये बंदी जाहीर केली, तीन वर्षांची मुदत देऊन.

या सगळ्यातलं आजोबांना काहीही ऐकवू नकोस. त्यांना विचारायचा प्रश्न एकच: 'तुम्ही गोळी कुठली वापरता, शिशाची की तांब्याची?' शिकारी माणसाला गोळीबद्दल विचारलं की तो खुलतो, हे माझं अनुभवाचं मत आहे. आपल्याकडे पुरुषांना गाडीचं ॲव्हरेज विचारलं की होतं ना, तसंच. मग सांग की डॉक्टरने गरोदरपणात शिशापासून जपायला सांगितलंय. डॉक्टरला फोन करशील तेव्हा हे वाक्य खरं झालेलं असेलच.

शिशाची म्हणाले, तर पुढचं बोलणं सोपं आहे. ते बदकांच्या शिकारीलाही जात असतील, तर 1991 पासून साऱ्या अमेरिकेत बदकांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. म्हणजे गेली तीस-पस्तीस वर्षं ते स्वतःच बिनशिशाचे छर्रे झाडतायत आणि त्यांचा शिकारीपणा काही कमी झालेला नाही. हरणासाठी तांब्याची गोळी 1980 च्या दशकापासून मिळते. ती फुलते पण सहसा तुटत नाही, जवळजवळ अख्खी राहते. महाग आहे हे खरं, पण एका हरणाला गोळ्या लागतात एक-दोन. रायफल नव्या गोळीला जुळवून घ्यावी लागते, आणि काही जुन्या रायफलींना तांबं मानवत नाही, हेही खरं. ते त्यांचं त्यांना ठरवू दे. फक्त तुम्ही लाडात येऊन तांब्याच्या गोळ्यांची डबी भेट द्यायला जाऊ नका. नवरा एच-वन-बी वर असेल आणि शिकारीचं लायसन नसेल, तर तिथल्या फेडरल कायद्याने त्याला साधी गोळीही बाळगता येत नाही. ही माझी सूचना विनोदी वाटेल, पण निघायच्या आधी विचारलेलं बरं.

आजोबा पक्षीप्रेमी असतील (शिकारी बहुधा असतातच), तर एक गोष्ट सांगायला हरकत नाही, ती आरोग्याची नाही. जंगलात टाकलेल्या आतड्यांवर हिवाळ्यात टकले गरुड उतरतात. 2022 मध्ये 38 राज्यांतल्या बाराशेवर गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळ शिसं भिनल्याच्या खुणा होत्या. अंगणात मांस टाकू नकोस म्हटलं ते यासाठी.

राहिले मांडीचे दोन तुकडे. तू आणि मुलगा ते खाऊ नका, शंभरातल्या दोनाचीही जोखीम सध्या नको. नवरा आणि सासूबाई खायचं म्हणाले तर मी आडवी पडणार नाही. तुकड्यात गोळीची जखम, रक्त साकळलेली जागा दिसली तर मात्र तोही टाकायचा, 'तेवढंच काढून टाकू' नाही. आणि आजोबांनी सांगितलं की यातलं एक हरीण धनुष्यबाणाने मारलं होतं, तर त्या हरणाच्या मांसाला यातलं काहीच लागू नाही. त्यांना पाकिटांवर तसं लिहून द्यायला सांग. शिकारी लोक बरेचदा आनंदाने लिहितात.

तोवर नवऱ्याला म्हणावं, बाजारातून बकऱ्याचा खिमा आण आणि दही हवं तेवढं घाल. रक्ताचे आकडे आले की कळव.

— ताई